पेपर सुरू असताना दारात आलेली पालखी

शिमग्याचा ढोल वाजला की ती केस मला बसू देत नाही. निवृत्त होऊन खुर्चीत पाय पसरून बसायचे दिवस आलेत, तरी तो आवाज कानावर आला की मी उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागतो. मग बायको आतून म्हणते, "झालं! आता परीक्षेची गोष्ट सुरू." सुरू तर सुरू! नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, किनाऱ्यावर उतरवलेला चोरटा माल पकडला. पण एवढी धाकधूक, एवढी मजा आणि शेवटी एवढा आनंद मला दुसऱ्या कुठल्या तपासाने दिला नाही. नाव कुणाचंही घेणार नाही. माणसं अजून तिथेच राहतात, आणि खटलाही कोर्टात आहे.

तेव्हा मी मंडणगडला प्रभारी अधिकारी होतो. रत्नागिरी जिल्ह्याचं हे अगदी उत्तरेचं टोक, सगळा डोंगराळ भाग. ठाण्यातला दिवस ठरलेला असे. सकाळी हजेरी, स्टेशन डायरी वाचणं, मग बाकावर बसलेली भांडणं एकेक करून आत घेणं. मुंबईचा भाऊ आणि गावचा भाऊ, मध्ये आंब्याचं एक झाड. माझ्यासोबत एक हवालदार होता, मूळचा केळशीचा. बंदरावरचा माणूस, त्यामुळे आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. दुपारच्या डब्यात मासे नसले की त्या दिवशी आरोपीची खैर नसे.

शिमगा संपून थोडे दिवस झाले होते. बंदोबस्त उतरला म्हणून मी जरा सुटकेचा श्वास घेत होतो. तेवढ्यात रत्नागिरीहून, अधीक्षक कार्यालयाकडून, एक ई-मेल पुढे आला. मूळ पत्र परदेशातल्या एका मुक्त विद्यापीठाचं होतं. मुक्त विद्यापीठ म्हणजे कॉलेजात न जाता दुरून शिकायचं. आपल्याकडेही आहेत, पण हे साता समुद्रापलीकडचं. विद्यार्थी आफ्रिकेपासून फिजीपर्यंत पसरलेले. वर्ग मोबाइलवर, पुस्तकं मोबाइलवर आणि परीक्षाही आपापल्या जागेवरून, फक्त पेपर संपेपर्यंत समोर कॅमेरा चालू ठेवायचा.

विद्यापीठाचं म्हणणं असं होतं. त्यांचे पाच विद्यार्थी आहेत. एक ओमानमध्ये, एक कतारमध्ये, एक बहरीनला, एक टांझानियात, एक सिंगापूरला. पण पाचही जणांचे चेहरे त्यांच्या यंत्राला एकाच माणसाचे वाटतात. आणि एक शेवटचा पेपर सोडला, तर पाचही जणांनी पेपर दिलेत ते मंडणगडमधल्या एकाच इंटरनेट जोडणीवरून! त्याच जोडणीवरून पेपर देणारी सहावी विद्यार्थिनी मात्र मंडणगड तालुक्यातलीच. ती या टोळीत असावी असा संशय असल्याने तिचाही निकाल रोखला आहे.

मी वाचून दाखवलं तशी हवालदाराने कपाळावर हात मारला. "आयला साहेब, आपण बदलीसाठी रडतो, नि हा गडी एका जागी बसून पाच देशांत!"

आम्ही त्या सहाव्या विद्यार्थिनीला बोलावणार, त्याआधी तीच ठाण्यात हजर झाली. चाळिशीची बाई, उपकेंद्रावरची आरोग्यसेविका, खांद्याला लसीची पेटी. ठाणे अंमलदाराला बाजूला सारून सरळ माझ्या केबिनमध्ये आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"साहेब, विद्यापीठाने मला मेल केलाय. मी चोर आहे की नाही ते तुम्ही ठरवा. पण लवकर ठरवा."

"एवढी घाई कसली? बसा आधी."

"पुढच्या शुक्रवारी सुनावणी आहे माझी. तेव्हा खुलासा झाला नाही, तर नाव कायमचं काढून टाकणार. परत प्रवेशसुद्धा नाही. शेवटचं वर्ष आहे, साहेब."

मग ती बसली आणि मी ऐकत राहिलो. बारावीनंतर परिचारिकेचं शिक्षण घेऊन नोकरी, लग्न. नवरा मुंबईला कामाला. पदवी घ्यायची इच्छा राहून गेलेली. मग या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि सामुदायिक आरोग्याच्या पदवीला ती बसली. तिच्या वाडीत रेंज येते-जाते. धड रेंज मिळते ती वर सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळाच्या माळावर. तर ही बाई संध्याकाळी छत्री आणि मोबाइल घेऊन सड्यावर जायची आणि तिथल्या दगडावर बसून वर्गाला हजेरी लावायची. सोबत शिकणाऱ्या तिघी मैत्रिणी, एक केनियाची, एक श्रीलंकेची, एक फिजीची.

"केनियावाली म्हणायची, तुझ्या मागे म्हैस दिसते गं. मी म्हणायचे, तुझ्या मागे शेळ्या दिसतात त्याचं काय?" एवढं सांगून ती पहिल्यांदा हसली. पेपराच्या वेळी मात्र रेंज गेली तर पंचाईत, म्हणून मंडणगडमधल्या एका कॉम्प्युटर क्लासची केबिन तिने पेपरापुरती घेतली होती. पाच जणांचे पेपर जिथून गेले, तोच हा क्लास.

खरं सांगतो, मला ती बाई आवडली. पण पोलिसाला एखादा माणूस आवडून चालत नाही. मी तिचा जबाब नोंदवला, मोबाइल तपासणीसाठी घेतला आणि गाव सोडून जाऊ नका असं बजावलं. ती गेली तरी खोलीत तिचा तो शुक्रवार मागे राहिला होता.

आता क्लासवाला. हा माणूस म्हणजे साखरच. चौकशीला बोलावलं तर येताना पेढे घेऊन आला. मी पेढ्यांचा डबा त्याच्याच मांडीवर ठेवला आणि विचारायला सुरुवात केली.

"साहेब, माझ्या वायफायचा पासवर्ड अख्ख्या बाजाराला ठाऊक. कोण कुठे बसून काय करतो, मी कुठे बघायला जाऊ?"

"हा फोटोतला माणूस कोण?"

पाच खात्यांवरचे पाच फोटो मी टेबलावर मांडले होते. एकात दाढी, एकात जाड काड्यांचा चष्मा, एकात कानापर्यंत ओढलेली टोपी, एकात फक्त मिशी, एक सफाचट. त्याने निरखून बघितल्यासारखं केलं.

"कधी पाहिला नाही. बाई मात्र नेहमी यायच्या. परदेशातल्या लोकांशी ओळख त्यांचीच. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण तुम्ही बाईंना नीट विचारा."

त्या पाच खातेदारांपैकी तिघांचे फोन लागले. तिघेही आपल्याच जिल्ह्यातले, पोटासाठी परदेशी गेलेले. तिघांचं उत्तर एकच. क्लासवाल्याने सांगितलं होतं की तुम्ही फक्त पासपोर्टची प्रत पाठवा, परीक्षेचं आम्ही बघतो, पदवी घरपोच येईल. म्हणजे क्लासवाला गुंतलेला होता हे उघड होतं. पण तो कबूल होईना. मी त्याला परत बोलावलं, तर म्हणाला, "ते माझं नाव सांगतात, पण पेपराला बसवलेला माणूस बाईंनीच आणला असेल. शेवटचा पेपर बघा. शिमग्याला माझा क्लास बंद होता. तो पेपर कुठून गेला?"

दुर्दैवाने त्याचं हे म्हणणं खरं निघालं. सिंगापूरवाल्याच्या नावाचा शेवटचा पेपर मोबाइलच्या इंटरनेटवरून दिला होता. टॉवर लोकेशन आलं, त्यात मोजकीच गावं येत होती, आणि त्यातलं एक गाव सेविकेचं. त्या दिवशी ती रजेवर घरीच होती.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बाई खोटं बोलत असेल तर मी इतक्या वर्षांत माणसं ओळखायला शिकलोच नाही, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने परीक्षांची रेकॉर्डिंग पाठवली. हवालदार आणि मी सकाळपासून बघत बसलो. अहो, परीक्षा देणाऱ्या माणसाकडे तासन्‌तास बघण्याइतकी कंटाळवाणी शिक्षा भारतीय न्याय संहितेतसुद्धा नाही! माणूस लिहितोय, कान खाजवतोय, परत लिहितोय. हवालदार दोनदा घोरला. प्रत्येक रेकॉर्डिंगला विद्यापीठाच्या निरीक्षकांनी शेरे जोडले होते, कुठे काय संशयास्पद दिसलं त्याचे. शेवटच्या पेपराचा शेरा मी मराठी करून मोठ्याने वाचू लागलो.

"उमेदवार अचानक उठला. पायातल्या चपला काढल्या. खोलीच्या दाराकडे तोंड करून दोन्ही हात जोडले, मान वाकवली आणि परत जागेवर बसला. बाहेरच्या साथीदाराला खूण करीत असावा."

मी वाचलं आणि थांबलो. परत वाचलं. मग रेकॉर्डिंग त्या जागी नेलं, वेळ दुपारची. मागे पांढरी भिंत, खिळ्यांना अडकवलेली निळी चादर, पुढे आपला टोपीवाला. लिहिता लिहिता त्याचा हात थबकला, तो दाराकडे बघू लागला, घुटमळला, आणि मग उठून चपला काढून हात जोडले त्याने. हवालदाराने आवाज पूर्ण मोठा केला. खरखर, खरखर, आणि त्या खरखरीच्या मागे धडम् धडम् धडम्.

"ढोल!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"अरे, साथीदार कसला! पालखी आली दारात त्याच्या!" मी खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो. माझ्या हातावर काटा आला होता. मी संगमेश्वराकडचा. शिमग्याला ग्रामदेवता पालखीत बसून घरोघरी भेटीला येते, तेव्हा कोकणातला माणूस कुठल्याही कामात असो, तो बसून राहू शकत नाही. आजारी माणूससुद्धा अंथरुणात उठून हात जोडतो. हा गडी कॅमेऱ्यापुढे पाच माणसं झाला, पण देवी दारात आल्यावर त्याला सिंगापूरवाला राहता आलं नाही!

आणि पुढचं तर मला तोंडपाठ होतं. शिमग्याचा बंदोबस्त मीच लावला होता. पालखीच्या मानपानावरून डोकी फुटतात, म्हणून कुठल्या दिवशी कुठल्या गावात पालखी घरोघरी फिरते हे ठाण्याला आधीच कळवावं लागतं. परीक्षेच्या दिवशी त्या टॉवरखालच्या गावांपैकी फक्त एकाच गावात पालखी फिरत होती, तिथला तो पहिला दिवस. मी गावाचं नाव उच्चारलं आणि हवालदाराचा चेहरा उतरला.

"साहेब, ते तर बाईचं गाव."

माझा उत्साह खाडकन उतरला. सगळे धागे परत तिच्याच दाराशी जात होते. मी तिला बोलावून घेतलं, काही न सांगता रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

तिने रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "टोपीखाली चेहरा ओळखू येत नाही, पण हा आमच्या घरातला नाही, साहेब."

"कशावरून?"

"आम्ही बौद्धवाडीतले. माझ्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या वाडीत पालखी येत नाही. ती आमच्याकडे वळतही नाही आणि आम्ही तिची वाटही बघत नाही. ढोल ऐकू येतो तो लांबून. हा तर दारात वाजतोय."

मी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा पेला सांडला. तिची वाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये ओढा. मला हे ठाऊक असूनही सुचलं नव्हतं! तो पेपर तिच्या घरातून गेलेला असणं शक्यच नव्हतं. तिला मी फक्त एवढंच म्हणालो, "जा, तुम्ही अभ्यास करा. शुक्रवारचं मी बघतो." आणि जीप काढायला सांगितली.

गावात पोलिसाने "फोटोतला हा कोण" असं विचारलं, तर अख्खं गाव आंधळं होतं. आपल्या माणसाला कुणी धरून देत नाही. पण पालखीबद्दल विचारा, मग कुणी खोटं बोलत नाही. म्हणून आम्ही फोटो जीपमध्येच ठेवले आणि मानकऱ्यांच्या पडवीत जाऊन बसलो. मानकरी म्हणजे पालखीचा पहिला मान असलेल्या घरातले सत्तरीचे बाबा. कोकमाचं सरबत आलं.

"यंदा काय वाद नाही ना झाला, बाबा? पुढच्या वर्षीचा बंदोबस्त ठरवायचाय," मी म्हणालो.

"वाद कशाला व्हतोय, साहेबानू? पालखीचा क्रम बापजाद्यांपासून ठरलेला. येक घर मागंपुढं व्हत न्हाय."

"बरं, पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर पालखी कुणाच्या दारात होती?"

बाबा बोटांवर मोजत सुरू झाले. मानाची घरं, मग वरची वाडी, मग मधली वाडी. आणि मधल्या वाडीशी येऊन अडखळले. "आता बघा, मास्तराकडं सांजला जायची पालखी. पन त्याच्या आधीच्या दोन घरांना सुतक पडलेलं. सुतकाच्या घरी पालखी जात न्हाय. ती घरं वगळली नि जेवणं झाल्या झाल्या मास्तराच्या दारात हुबी ऱ्हायली." बाबांचा आवाज चढला. "नि त्यानं काय केलान, ठावं हाय? घरात आसून भायेर आला न्हाय! दार लावून आत! म्हातारीनं येकलीनं वटी भरली. इचारलं तं म्हनाली, त्याला ताप आलाय. नि सांजला हाच बाबा सहाणेवर पालखी नाचवतोय! अख्ख्या गावानं बघितलान." सहाण म्हणजे पालखी बसवायचा गावचा चौथरा.

हवालदाराला सरबताचा ठसका लागला. मी कसाबसा चेहरा सरळ ठेवला. अहो, पेपर संध्याकाळच्या आत संपेल या हिशेबाने त्याने दुपारची वेळ धरली होती. दोन घरांच्या सुतकाने सगळा हिशेब उलटा केला!

पंच सोबत घेऊन आम्ही मधल्या वाडीत गेलो. म्हातारीने दार उघडलं. "मास्तरांचा ताप उतरला का?" हवालदाराने विचारलं आणि आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज झाला. खोलीत पांढरी भिंत होती, खिळे होते, आणि निळी चादर खाटेवर घडी करून ठेवलेली. टोपी दारामागच्या खुंटीला. पंचनामा केला, लॅपटॉप आणि मोबाइल जप्त केले. म्हातारी दारात बसून होती, तिला काय झालं तेच कळत नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

मास्तर पस्तिशी ओलांडलेला, हुशार माणूस. शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा, म्हणून मंडणगडच्या बाजारात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ठाण्यात आणल्यावर पहिला तासभर त्याने दाद दिली नाही. मी तो नव्हेच, इंटरनेट माहीत नाही, सिंगापूर कुठे तेही ठाऊक नाही. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, की आवाज चढवला नाही. नुसतं ते रेकॉर्डिंग लावलं आणि ढोलाचा आवाज खोलीभर होऊ दिला.

"त्या दिवशी आईने एकटीने ओटी भरली ना?" मी विचारलं.

त्याचे खांदे हलू लागले. "साहेब, उठलो तर कॅमेऱ्यात दिसणार, हे कळत होतं मला. स्वतःला म्हटलं, बसून राहा. पण ढोल दारात आला आणि नाही बसवलं. बाहेर जाता येईना आणि बसवेना."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. दर वर्षी जूनमध्ये काम मिळेल की नाही याची धास्ती. क्लासवाल्याने गाठलं, फोटो काढले, पाच खाती उघडली. पाचही पदव्यांचे विषय वेगळे, आणि हा पठ्ठ्या सगळ्या पेपरांत उत्तम गुणांनी पास! मला राग आला आणि हसूही आलं. "अरे, एवढी अक्कल होती तर स्वतःच्या नावाने काही केलंस का?"

"नाही," तो म्हणाला.

"तुझ्यापायी एका बाईचं नाव जायची वेळ आलीय, ते तरी माहीत आहे का?"

त्याने दचकून वर बघितलं. हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. "सेविका? साहेब, त्यांचा काही संबंध नाही. क्लासवाल्याने त्यांनाही विचारलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं. 'कशाला अभ्यास करताय, आमच्याकडे माणूस आहे, तो पेपर देईल' असं. त्या काय म्हणाल्या माहीत आहे? 'नापास झाले तर माझी मी होईन.' मी शेजारच्याच केबिनमध्ये होतो. त्या दिवशी मला फार लाज वाटली, तरी मी पेपर दिलाच."

हे सगळं त्याने जबाबात लिहून दिलं. सेविकेच्या जबाबातही ते होतं, पण तेव्हा त्याला साक्षीदार नव्हता. क्लासवाला त्याच संध्याकाळी आत गेला. येताना पेढे आणायला त्याला सवड मिळाली नाही.

शुक्रवार उजाडला. सुनावणी ऑनलाइन होती, आणि बाईच्या वाडीत रेंजचा भरवसा नाही, क्लासला टाळं. मग कुठे करायची? मी म्हटलं, माझ्या केबिनमध्ये! टेबलावरचे कागद उचलले, लॅपटॉप ठेवला, हवालदाराने कुठून तरी स्वच्छ टेबलक्लॉथ पैदा केला. सेविका इस्त्रीची साडी नेसून आली होती. पडद्यावर तिघं जण दिसले. तिघं तीन देशांतले, आणि मध्यभागी आफ्रिकेतली एक भारदस्त बाई, रंगीत फेटा बांधलेली. तीच समितीची अध्यक्ष होती.

आधी मला बोलायचं होतं. आयुष्यात मी कोर्टात साक्षी दिल्या, आमदारांना उत्तरं दिली, पण इतका घाम कधी फुटला नव्हता. पालखीला इंग्रजीत काय म्हणायचं? मी छाती पुढे काढून सुरुवात केली, "मॅडम, गॉडेस केम टू हिज हाऊस. इन कोकण, व्हेन गॉडेस कम्स, नोबडी सिट्स." दोन साहेब एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षबाई मात्र पुढे झुकल्या आणि हसल्या. त्यांच्या आईच्या गावीही असंच आहे, देवाची मिरवणूक दारावरून गेली तर जेवणाऱ्याने ताटावरून उठायचं, असं त्यांनी त्या दोघांना समजावलं. मी मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला.

पण पुढे त्या म्हणाल्या, "या बाई टोळीत नाहीत हे पटलं. तरी पेपर त्याच केबिनमधून गेलेत. त्यांनी ते स्वतः लिहिले, हे आम्ही कसं मानायचं?"

तेवढ्यात सेविका बोलली, तिच्या त्या सावकाश, नीट इंग्रजीत. "मी इथेच बसले आहे. विचारा ना मला. आत्ता, सगळ्या विषयांतलं विचारा."

समितीने आपसांत कुजबुज केली आणि तयारी दाखवली. मी खोलीबाहेर आलो, दार उघडं ठेवून. मग काय सांगू तुम्हाला! ठाण्यात तोंडी परीक्षा सुरू झाली. वायरलेसचा आवाज बारीक झाला. आंब्याच्या झाडावरून भांडणारे दोन भाऊ नेमके तेव्हाच आत शिरले, तर हवालदार त्यांच्यावर दबक्या आवाजात खेकसला, "गप्प! आत परीक्षा चालू हाय!" दोघं भाऊ एकाच बाकावर शहाण्यासारखे बसले. ठाणे अंमलदार, लिखापढीचा मोहरर, ड्रायव्हर, सगळे दाराशी कान लावून. इंग्रजी निम्म्यांना कळत नव्हतं, पण उत्तर लवकर आलं की माना डोलत आणि ती थांबली की सगळ्यांचा श्वास अडकायचा.

एका प्रश्नाला ती अडली. मग ती म्हणाली, "हे मला येत नाही." पडद्यावर अध्यक्षबाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पुढची उत्तरं धडाधड आली.

शेवटी समितीने पाच मिनिटं मागितली. ती पाच मिनिटं मी व्हरांड्यात कशी काढली, मलाच माहीत. मग अध्यक्षबाई परत पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, "ज्याने दुसऱ्याकडून पेपर लिहून घेतला, त्याला आपल्याला काय येत नाही तेही ठाऊक नसतं. तुमचा निकाल आजच लावतो."

ठाण्यात टाळ्या वाजल्या. हो, पोलीस ठाण्यात! आंब्यावाले भाऊसुद्धा टाळ्या वाजवत होते, कशाच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. सेविकेचा मोबाइल मी तिला परत दिला होता. तिने मैत्रिणींना फोन लावला, तर तिघीही आपापल्या देशांत वाटच बघत होत्या. तिने सांगितलं मात्र, आणि केनियावालीने जीभ हलवून असा काही लांबलचक, आनंदाचा आवाज काढला की हवालदार एकदम सावधान झाला. सेविका हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मलाही रुमाल काढावा लागला, ते काही लपवत नाही.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एक तर हे, की माणूस कितीही हुशारीने दुसरा झाला, तरी जिथे तो वाढला ती जागा त्याला एकदा तरी उठवून उभं करते. तपास करणाऱ्याने तो क्षण शोधावा. पण शोधताना त्याच गावात पलीकडच्या वाडीला ढोल दारात ऐकू येत नाही, हेही ध्यानात ठेवावं, नाहीतर भलताच माणूस पकडला जातो. पुढच्या शिमग्याला मी बंदोबस्तावर होतो. मास्तर जामिनावर सुटला होता. पालखी आली तेव्हा तो आईच्या शेजारी दारात उभा होता, आणि त्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली.

माझ्या निवृत्तीआधी थोडे दिवस, ठाणे अंमलदार एक मोठं पाकीट घेऊन आत आला. परदेशी टपाल. सुनावणी ज्या पत्त्यावरून झाली, तोच पत्ता विद्यापीठाने सेविकेच्या नावापुढे लिहून टाकला होता. "साहेब, हे मुद्देमालात घेऊ का?" त्याने विचारलं. मी त्याला हाकललं आणि सेविकेला निरोप धाडला.

ती लसीकरणावरून थेट आली, पेटी खांद्यालाच. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते जपून उघडलं, आतला जाड कागद काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. हवालदार मागून डोकावत होता. ती बराच वेळ एकाच ओळीवर बोट ठेवून बघत राहिली.

"काय झालं? काही चूक आहे का?" मी घाबरून विचारलं.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "नाव माझंच आहे."